टूरिंग मोटरसायकल घरी रंगवणे: टाकी, फेअरिंग, पॅनियर आणि क्लिअरचा प्रश्न

लांबचा_रस्ता
नमस्कार मंडळी. गाडी टूरिंगची, इंजिन ठणठणीत, पण रंगाची पार रया गेली आहे. मूळचा लाल. टाकीच्या माथ्यावर आणि फेअरिंगच्या (पुढच्या प्लास्टिक कवचाच्या) वरच्या अंगाला तो आता विटून गुलाबीकडे झुकलाय. टँक बॅग बसते तिथला क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासून दुधाळ झालाय, पॅनियरच्या (बाजूला लागणाऱ्या सामानपेट्यांच्या) कडांना बुटांचे ओरखडे आहेत, आणि टॉप बॉक्स नंतर घेतल्यामुळे तो काळाच.

मनात आहे ते असं: खाली गडद निळा मेटॅलिक, वर फिकट राखाडी आणि मधून एक बारीक पट्टी. ती पट्टी फेअरिंगवरून निघून टाकी, साइड पॅनेल करत पॅनियरपर्यंत सलग गेली पाहिजे. काम घरीच करायचं आहे. गॅरेज रिकामं आहे, कॉम्प्रेसर नाही.

स्प्रे कॅनवर हे नीट होईल का, की गन आणि कॉम्प्रेसर घ्यावाच लागेल? टाकीवर पेट्रोल सांडलं तरी टिकेल असं काय मारायचं? आणि लोखंडी टाकी, प्लास्टिकची फेअरिंग आणि पॅनियर या सगळ्यांना एकच प्रायमर चालतो का?

'बाहेर देऊन टाक' हा सल्ला कृपया नको. या गाडीचा जवळजवळ प्रत्येक बोल्ट मी स्वतः उघडून बसवला आहे. रंगही माझ्याच हातचा हवा.

क्लच_वायर
फोटो टाका हो आधी. रंगाचा धागा आणि एकही फोटो नाही!

घासकाम
कॅनवर होईल. मोटरसायकलचे भाग कारच्या बॉनेटएवढे मोठे नसतात, त्यामुळे कॅनचा लहान फवारा पुरतो. अट एकच, शेवटचा क्लिअर टू-के हवा, म्हणजे हार्डनरवाला. साधा क्लिअर नुसता थिनर उडून सुकतो. त्यावर पेट्रोल पडलं की तो परत मऊ होतो, टाकीच्या झाकणाभोवती सुरकुततो आणि काही दिवसांत सोलून निघतो. टू-केमध्ये क्लिअर आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होऊन थर पक्का होतो, तो पेट्रोलने पुन्हा विरघळत नाही.

टू-के आता कॅनमध्येही मिळतो. तळाशी पिन असते, ती दाबली की आतली हार्डनरची कुपी फुटते. तिथून पुढे घड्याळ सुरू. साधारण एक-दोन दिवसांत तो कॅन घट्ट होऊन निकामी होतो, म्हणून सगळे भाग घासून, पुसून, टांगून झाल्याशिवाय पिनला हात लावायचा नाही.

गन घ्यायचीच असेल तर मोठ्या एचव्हीएलपी (कमी दाबाने भरपूर हवा सोडणाऱ्या) गनच्या मागे लागू नकोस. ती हवा इतकी खाते की घरगुती कॉम्प्रेसर धापा टाकतो. ०.८ किंवा १ मिमी नोझलची मिनी गन टाकीला आणि पॅनेलना उत्तम. फक्त नळीवर पाणी अडवणारा फिल्टर लाव, नाहीतर हवेतलं पाणी थेंबाथेंबाने रंगात येतं.

पिलियन
घासकाम यांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण त्याच्याही आधी मास्कचा विषय यायला हवा होता. पिन दाबून जे बाहेर येतं त्यात आयसोसायनेट असतात. कामाच्या ठिकाणी जडणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांमध्ये त्यांचं नाव आहे. शरीर एकदा त्यांना संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही श्वास कोंडू शकतो. वास येत नाही म्हणजे धोका नाही, हा हिशेब इथे चालत नाही. वास जाणवतो तोवर सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

धुळीचा मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल यांचा काहीही उपयोग नाही. व्यावसायिक बूथमध्ये बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क वापरतात आणि खरी शिफारस त्याचीच आहे. तो मिळत नसेल तर सेंद्रिय वाफा आणि कण दोन्ही अडवणारी ताजी काडतुसं लावलेला पूर्ण चेहऱ्याचा मास्क, हे अगदी किमान. दाढी असेल तर तोही कडेने गळतो. हातात नायट्राइल मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, कारण हे त्वचेवाटेही बाधतं. फवारा थांबला म्हणून लगेच मास्क काढायचा नाही, खोलीत धुकं अजून तरंगत असतं.

माझ्या ओळखीतल्या एका कसबी पेंटरला ऐन उमेदीत हे काम कायमचं सोडावं लागलं. त्याचा खोकला मी ऐकला आहे, म्हणून इतकं पोटतिडकीने लिहिते आहे.

टॉर्क
पिलियनताईंना शंभर टक्के अनुमोदन. हा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर असायला हवा.

पाना_दहा_बारा
मग एवढा उपद्व्याप हवाच कशाला? व्हाइनिल रॅप, म्हणजे रंगीत चिकट फिल्म लावा. ना वाफा, ना हार्डनर, ना ओघळ. कंटाळा आला की सोलून दुसरा. माझ्या गाडीची साइड पॅनेल आणि पॅनियरची झाकणं रॅपचीच आहेत, छान टिकली आहेत. फिल्म मात्र कास्ट (ओतून बनवलेली) घ्या. कॅलेंडर्ड (लाटून बनवलेली) जाड असते, ताणून बसवली की गोलाईवरून मागे सरकते आणि कडा उचलते.

रंगछटा
पाना, तुझी झाकणं सपाट आहेत रे. टाकी म्हणजे चहूबाजूंनी गोलाई, आणि झाकणाच्या कडेला जो काप येतो तिथून पेट्रोल आत शिरून गोंद सोडवतं. शिवाय धागाकर्त्याचा क्लिअर आधीच दुधाळ झालाय. त्यावर लावलेला रॅप उद्या काढताना क्लिअरची खपलीही सोबत येईल. खालची जमीन धड नसेल तर वर काहीही लावा, ते टिकत नाही.

आता प्लास्टिकबद्दल. प्रत्येक भाग उलटा कर आणि आतल्या बाजूला बघ. दोन बाणांच्या मध्ये अक्षरं कोरलेली असतात. एबीएस असेल तर काम सोपं, नीट घासलं की नेहमीचा प्लास्टिकला चालणारा प्रायमर धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर त्यावर रंग मुळात चिकटतच नाही. आधी अ‍ॅडहिजन प्रमोटरचा, म्हणजे रंग चिकटायला मदत करणाऱ्या द्रावणाचा पातळ हात हवा, आणि तो ओलसर असतानाच्या मुदतीत पुढचा थर. खूण सापडली नाही तर मागून एक बारीक कपची काढून पाण्यात टाक. पीपी पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं, एबीएस बुडतं.

कोणत्याही प्लास्टिकला पेंट रिमूव्हर लावायचा नाही. एबीएस तर अ‍ॅसिटोनमध्ये अक्षरशः विरघळतं. त्याचाच उपयोगही होतो म्हणा. फेअरिंगचे कान तुटलेले असतील तर त्याच जातीच्या एबीएसचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून दाट लगदा करायचा आणि मागच्या बाजूने भरायचा. अ‍ॅसिटोन उडून गेलं की तो भाग मूळ प्लास्टिकशी एकजीव होतो. हे काम प्रायमरच्या बरंच आधी उरकून घे, नाहीतर अडकलेलं अ‍ॅसिटोन नंतर रंग फुगवतं.

लांबचा_रस्ता
मास्कचं पक्कं. पूर्ण चेहऱ्याचा घेतो, आणि फवारा गॅरेजचं दार उघडं ठेवूनच.
फेअरिंग आणि साइड पॅनेलच्या मागे एबीएस सापडलं. पॅनियरची बाहेरची झाकणंही एबीएस, पण आतली टोपली पीपी निघाली. ती रंगवायची नाहीच, तेव्हा प्रश्न मिटला. पुढच्या मडगार्डवर मात्र काही खूण नाही, तिथे पाण्याचा प्रयोग करतो.

टॉर्क
टाकीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. 'पेट्रोल काढलं' म्हणजे टाकी रिकामी झाली असं नाही. भरलेल्या टाकीपेक्षा नुकती उपसलेली टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्का झाली की ठिणगीने भडका उडू शकतो. वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरत जाते आणि कोपऱ्यातल्या हीटरपर्यंत पोचते. पंप, फ्लोट, कॉक सगळं काढ, टाकी बाहेर मोकळ्यावर उघडी ठेव, आणि ती नीट कोरडी होऊन वास पूर्ण जाईपर्यंत हीट गन किंवा ग्राइंडर तिच्या जवळ आणू नकोस.

तोंड आतून झाकताना कापडाचा बोळा कोंबू नकोस, त्याचे धागे नंतर पंपाच्या जाळीत सापडतात. झाकणाच्या जागी मापाची जुनी चकती किंवा रबरी बूच बसव. आणि आत गंज असेल तर तो रंगाच्या आधी काढ. गंज काढायचं द्रावण नव्या क्लिअरवर ओघळलं तर सगळी मेहनत पाण्यात.

अनवट_वाट
मला रंगाबद्दलच बोलायचंय. गडद निळा कशाला? लांबच्या प्रवासात संध्याकाळ होते, धुकं लागतं, गाडी दिसायला हवी. पांढरा किंवा पिवळा मारा. टूरिंगवाल्याने गडद रंग निवडूच नये असं माझं ठाम मत आहे.

पिलियन
अनवट, काळजी योग्य, पण उपाय दुसरीकडे आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागात मोटरसायकलस्वारांचा एक मोठा अभ्यास झाला होता, २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. परावर्तक किंवा फ्लुरोसेंट कपडे घालणाऱ्यांमध्ये जखमी होण्याचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला, काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटवाल्यांमध्ये २४ टक्क्यांनी, आणि दिवसा हेडलाइट चालू ठेवणाऱ्यांमध्ये २७ टक्क्यांनी. समोरून दिसणाऱ्या गाडीच्या रंगाचा मात्र धोक्याशी संबंध आढळला नाही. तेव्हा गाडी खुशाल निळी करा आणि जॅकेट चमकतं घ्या.

अनवट_वाट
हे माहीत नव्हतं. मत बदललं. तरी मागून काहीतरी चमकलं पाहिजे एवढं म्हणेन.

रंगछटा
त्याला छान तोड आहे. पॅनियर आणि टॉप बॉक्सच्या मागच्या कडेला काळी परावर्तक पट्टी लावायची. दिवसा काळी दिसते, रंगसंगतीला धक्का नाही. रात्री मागच्या गाडीचा दिवा पडला की पांढरी उजळते आणि सामानाची पूर्ण रुंदी मागच्याच्या लक्षात येते. नवा क्लिअर पूर्ण पिकल्यावरच चिकटव.

क्लच_वायर
हेल्मेटचा विषय निघालाच आहे तर, उरलेल्या निळ्यात हेल्मेटही रंगवून टाकता येईल की! गाडीला मॅचिंग.

टॉर्क
नको रे बाबा. पॉलिकार्बोनेटच्या कवचाला थिनर लागला की त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडू शकतात. बाहेरून हेल्मेट झकास आणि आपटल्यावर फुटकं. ब्रेक डिस्क आणि फोर्कच्या चकचकीत नळ्याही रंगापासून लांब ठेवायच्या. स्विंगआर्मवरचे सूचनांचे स्टिकर आणि चासी नंबर झाकू नयेत. आणि नोंदणीच्या कागदावर गाडीचा रंग लिहिलेला असेल तर तो बदलण्याची रीत आधीच विचारून घ्या.

पाना_दहा_बारा
अवांतर: दोन छटांचा विषय आहे म्हणून आठवलं. बीएमडब्ल्यूच्या आर ९० एसवर १९७०च्या दशकात धुरकट छटेचा रंग यायचा, आधी चंदेरी आणि नंतर १९७५च्या सुमारास डेटोना ऑरेंज. एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी ती छटा गनने हाताने मारलेली असायची, त्यामुळे दोन गाड्या तंतोतंत सारख्या सापडत नाहीत. रॅपचा माणूस असूनही सांगतो, ती टाकी बघितली की रंगाच्या बाजूने मत द्यावंसं वाटतं.

अनवट_वाट
अवांतरात भर. १९७५च्या होंडा गोल्ड विंगची टाकी सीटखाली आहे आणि टाकीच्या जागी दिसतं ते नुसतं कवच. वजन खाली राहावं म्हणून. त्यावर पेट्रोल सांडायची भीती कमी का?

टॉर्क
नाही, पेट्रोल भरायचं तोंड त्या कवचाच्या आतच आहे. थेंब पडायचे तिथे पडतातच. टू-केला पर्याय नाही.

घासकाम
मूळ कामाकडे येतो, कारण खरी मेहनत जिथे आहे त्यावर अजून कोणी लिहिलं नाही.

आधी धुवायचं, मग घासायचं. उलटं केलं तर चेन ल्यूब, पॉलिश, टायरची चमक यांतलं सिलिकॉन घासताना खोल जातं आणि रंग मारल्यावर त्या जागी रंग बाजूला सरकून गोल खड्डे पडतात. फिश आय म्हणतात ते हेच. साबणाने धुणं, मग ग्रीस रिमूव्हर, दोन कापडं: एकाने ओलं लावायचं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलून घ्यायचं. सुकू दिलं तर तेल जिथल्या तिथेच राहतं. रंगाचं काम चालू असेपर्यंत गॅरेजमध्ये कुठलाही ल्यूबचा स्प्रे उडवायचा नाही.

जुना रंग घट्ट बसलेला असेल तर लोखंडापर्यंत सोलायची गरज नाही. विटलेला थर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून बसवायचा, ओरखड्यांच्या कडा उतरत्या करायच्या. उघडं लोखंड दिसेल तिथे त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरली असेल तर १८० ने आकार द्यायचा, मग २४० ने. त्यावर भरीव प्रायमरचे दोन-तीन हात, तो पूर्ण सुकला की गाइड कोट, म्हणजे काळ्या रंगाचा दुरून उडवलेला विरळ शिडकावा. आता ब्लॉकला ४००चा वॉटर पेपर लावून घास. काळे ठिपके जिथे राहतील तो खड्डा, प्रायमर जिथे आरपार जाईल तो उंचवटा. नुसत्या बोटांनी घासलंस तर बोटांच्या रेषा टाकीवर लाटांसारख्या उमटतात, आणि त्या चकचकीत क्लिअरखालीच दिसतात, आधी नाहीत.

तपासायची माझी पद्धत अशी: टाकीवर पाणी ओतायचं आणि ट्यूबलाइटची सरळ रेघ त्या ओल्या पृष्ठभागावर बघायची. डोकं हळूहळू हलवलं की रेघही सरकते. ती जिथे वाकडी होऊन उडी मारते तिथे अजून काम बाकी. सुक्या प्रायमरवर हे कधीच कळत नाही. शेवटी ६०० ने एकदा सगळीकडून.

मेटॅलिकचं वेगळं सांगतो. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कणांची दिशा बदलली की छटा बदलते. पॅनियर आडवं ठेवून रंगवलं आणि टाकी उभी, तर एकाच कॅनमधला निळा दोन निळे दिसतो. सगळे भाग गाडीवर ज्या कोनात बसतात त्याच कोनात टांग, एकाच बैठकीत रंगव, अंतर तेच, हाताचा वेग तोच. कॅन २५-३० सेंटीमीटरवर धर, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढला पाहिजे, आणि बटण पॅनेलच्या बाहेर दाबून बाहेरच सोडायचं. शेवटचा हात थोडा दुरून आणि हलका मारला की ढगाळ डाग मोडतात.

रंगछटा
घासकाम, साष्टांग दंडवत. वाचनखूण साठवली.
एक भर: हवा दमट असेल त्या दिवशी रंग मारू नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं आणि रंग पांढुरका पडतो. २०-२५ अंश आणि कोरडी हवा सर्वांत चांगली. कॅन कोमट पाण्यात ठेवला तर फवारा बारीक येतो, पण कोमटच. ५० अंशांवर कॅन फुटायची भीती असते.

लांबचा_रस्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. सल्ल्यांनुसार एका पॅनियरच्या झाकणापासून सुरुवात केली. पाण्याची आणि ट्यूबलाइटची युक्ती अफाट आहे. सपाट वाटणाऱ्या झाकणावर बिजागरीजवळ रेघ चांगलीच वाकली, तिथे परत प्रायमर भरून घासलं. निळा सुंदर बसला आहे, राखाडीही. कॅनवर काम होतंय, त्यामुळे कॉम्प्रेसर घेत नाही.

अडतंय ते पट्टीपाशी. टेप काढल्यावर कडेला रंगाची बारीक पायरी राहते, नखाला लागते. ही क्लिअरखाली दिसेल का? आणि पट्टी सगळ्या भागांवर सलग कशी जुळवायची?

पाना_दहा_बारा
जुळवण्याचं मी सांगतो, रॅपमध्ये हेच करावं लागतं. प्रायमर मारलेले सगळे भाग एकदा गाडीवर बसव, निम्म्या बोल्टवर का होईना. गाडी सेंटर स्टँडवर सरळ उभी कर आणि फाइन लाइन टेप (रंगाची कड सरळ ठेवणारी बारीक टेप) फेअरिंगपासून पॅनियरपर्यंत एका दमात ओढ. चार पावलं मागे जाऊन बघ, पटेपर्यंत हलव. मग भागांच्या सांध्यांवर टेप कापून प्रत्येक तुकड्याची जागा आतल्या काठावर पेन्सिलीने खूण करून ठेव. सीटवर कोणीतरी बसवूनही बघ, गुडघ्याआड पट्टी लपत असेल तर थोडी वर घे.

घासकाम
पायरी दिसेल, पण गाडता येते. टेप रंग पुरता वाळायच्या आत काढ, स्वतःवरच दुमडत, सावकाश. कड खाली बसते. मग टू-के क्लिअरचे दोन हात, मधे डब्यावर लिहिलेला वेळ सोडून. तो पिकला की ब्लॉकवर ८०० चा वॉटर पेपर घेऊन पायरी सपाट कर, फक्त क्लिअर घासला जातोय याकडे लक्ष ठेव. पाण्यात पांढरं दूध आलं तर क्लिअर, निळं आलं तर थांब. पुन्हा पुसून वरून दोन हात. नंतर हवं तर १५०० आणि २००० ने घासून कंपाऊंड मार. टाकीच्या धारदार कडांना घासताना टेप लाव, क्लिअर तिथेच सर्वांत पातळ असतो.

दुसऱ्या फेरीसाठी नवा कॅन लागेल, पहिला तोवर घट्ट झालेला असणार. तेव्हा सगळ्या भागांचा हिशेब करूनच आण. आणि टँक बॅग निदान महिनाभर टाकीवर ठेवू नकोस. क्लिअर वरून कडक लागला तरी आतला थिनर अजून बाहेर पडत असतो, वजनाखाली ठसे उमटतात.

क्लच_वायर
झाकणाचा फोटो टाका हो आता तरी!

लांबचा_रस्ता
टाकतो. उद्या उजेडात काढतो, ट्यूबलाइटखाली निळा काळाच दिसतो.